क्लासिक कादंबरीतून अ‍ॅडव्हान्स्ड इंग्लिश शब्द कसे शिकायचे (मराठी मीडियमवाल्यांसाठी)

आधी हे कोणासाठी आहे ते सांगते, म्हणजे उगाच कोणाचा वेळ जायला नको. तुम्हाला इंग्लिश पेपर वाचता येतो, ऑफिसचे मेल जमतात, सिरीज सबटायटल लावून का होईना कळते, पण संपादकीय किंवा कोर्टाच्या निकालाची बातमी वाचायला घेतली की दर दोन ओळींनी एक शब्द आडवा येतो, असं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. जीआरईवाले (परदेशी मास्टर्सच्या प्रवेशाची परीक्षा देणारे), यूपीएससीच्या निबंधासाठी भाषा सुधारायची आहे असे, आणि नुसती हौस आहे असे, सगळे चालतील. आयईएलटीएसवाल्यांनी (परदेशी जाण्यासाठीची इंग्लिशची परीक्षा) मात्र घाई करू नये, तिथे रोजचं नेमकं इंग्लिश लागतं, दोनशे वर्षांपूर्वीचे शब्द स्पीकिंगमध्ये घुसडलेत तर ते पाठ करून आल्यासारखं वाटणार आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

आता पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की बाजारात हजार-दोन हजार शब्दांच्या वर्डलिस्टा मिळतात, त्या सोडून जाडजूड कादंबरी कशाला? तर तुमच्या ओळखीत ज्यांनी वर्डलिस्ट घेतलीय त्यांना विचारा, ए आणि बी चे शब्द सगळ्यांना येतात, सी पर्यंत काही जण पोचतात, पुढचं पुस्तक कोरं करकरीत. कारण यादीतल्या शब्दाला आगापिछा नसतो. कादंबरीत तोच शब्द कोणीतरी कोणालातरी म्हणतं, रागात म्हणतं, टोमणा मारून म्हणतं, आणि ते माणूस लक्षात राहिलं की शब्द राहतो. माझी सगळी पद्धत एवढ्यावरच उभी आहे: शब्दासोबत अर्थ लिहायच्या आधी माणूस लिहा, कोण बोललं आणि कोणाबद्दल. बाकी सगळ्या पायऱ्या त्याच्या मागून येतात.

पुस्तक कुठलं घ्यायचं

मी सरळ सांगते, जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या. 1813 चं आहे, 61 चॅप्टर आहेत पण छोटे छोटे, पहिला तर हजार शब्दांच्या आत संपतो, आणि त्यात बहुतेक नवरा-बायकोची बोलाचालीच आहे. शिवाय गोष्ट आपल्याला परकी नाही. पाच मुलींची आई, शेजारी भाड्याने बंगला घेऊन एक पैसेवाला बिनलग्नाचा मुलगा राहायला आलाय, वर्षाला चार-पाच हजार पौंड उत्पन्न, आणि आईचं सुरू, अहो जाऊन भेटून या ना त्यांना, दुसऱ्या कोणी आधी गाठलं तर! स्थळं बघणं, मानपान, मुलाकडच्यांचं नाक वर, नात्यातला एक नकोसा मुलगा लग्नाला उभा, हे सगळं गिरगावातल्या कुठल्याही चाळीत समजावून सांगावं लागत नाही. इंग्लिश अवघड असलं तरी काय चाललंय ते कळत राहतं, आणि शिकणाऱ्याला तेच हवं असतं.

प्रेमाबिमाचं नको असेल तर शेरलॉक होम्सचं 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' घ्या, 1902 चं, फक्त 15 चॅप्टर, आणि ओढ लागते. पण त्यात शब्द जास्त करून जागेचे, हवेचे, पुराव्याचे येतात. माणसाच्या स्वभावाचे बारीक बारीक शब्द हवे असतील, आणि परीक्षांना तेच लागतात, तर ऑस्टिनला तोड नाही. खाली उदाहरणं सगळी तिचीच आहेत.

पुस्तक झेपेल का हे बघायची एक टेस्ट आहे. मधलंच कुठलंही पान उघडा आणि अजिबात माहीत नसलेले शब्द मोजा. न्यूझीलंडच्या व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीतले पॉल नेशन यांनी शब्दसंपत्तीवर आयुष्यभर काम केलंय, त्यांच्या अभ्यासातून आलेला आकडा असा की कोणाच्या मदतीशिवाय आरामात वाचायचं तर शंभरातले साधारण 98 शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे अडीचशे शब्दांच्या पानावर पाच अनोळखी. आपण इथे आरामात वाचायला नाही, शिकायला बसलोय, त्यामुळे दहा-बारा असले तरी चालतील. वीसच्या वर गेले तर आधी शाळकरी मुलांसाठी असते ती संक्षिप्त आवृत्ती वाचून काढा, गोष्ट कळून घ्या, मग मूळ पुस्तकाला हात घाला. यात कमीपणा काही नाही.

पुस्तक मिळवायला खर्च नाही. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो, ऑस्टिन तर 1817 लाच गेली, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग नावाच्या साइटवर पूर्ण पुस्तक फुकट आणि कायदेशीर आहे, नंबर 1342. ते ईपब डाउनलोड करा, पीडीएफ नको, मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर पीडीएफ सरकवता सरकवता जीव जातो. कागदच हवा असेल तर फ्लोरा फाउंटनचा फुटपाथ आहे (पूर्वीइतके विक्रेते राहिले नाहीत), माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत, दोन्हीकडे हे पुस्तक हटकून असतं कारण बीए-एमएची मुलं परीक्षा झाली की विकून टाकतात. आणि अशी विकलेली कॉपी मिळाली तर सोडू नका, कोणीतरी समासात पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवलेले असतात. शेवटी नोट्स असलेली आवृत्ती मिळाली तर अजूनच उत्तम, दहा-वीस रुपयांवरून घासाघीस करत बसू नका. काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे, तिथे मेंबर होऊन शांत बसून वाचता येतं, घरी जागा नसेल त्यांनी विचार करावा.

वाचायला सुरुवात करायच्या आधी

वहीच्या पहिल्या पानावर घराण्यांचा तक्ता काढा. हे टाळू नका. लोक शब्दांमुळे पुस्तक सोडतात असं आपल्याला वाटतं, पण खरं तर चॅप्टर तीन ते सहामध्ये नावांच्या गोंधळातच निम्मे लोक गळतात. बेनेट (पाच मुलींचं घर) आणि बिंगली (तो भाड्याने आलेला पैसेवाला मुलगा) दोन्ही ब वरून. नुसतं 'मिस बेनेट' म्हटलं की ती सगळ्यात मोठी, जेन. धाकट्या बहिणींना मिस लावून पुढे स्वतःचं नाव, म्हणजे मिस एलिझाबेथ, हीच गोष्टीची नायिका. तिलाच घरचे लिझी म्हणतात आणि मैत्रीण इलायझा. मिसेस हर्स्ट म्हणजे बिंगलीची लग्न झालेली बहीण. एवढं लिहून ठेवलं की अर्धं काम झालं.

दुसरं, गाडीत वाचणार असाल तर डिक्शनरीचा नाद गाडीत करायचा नाही. सकाळच्या मुलुंड फास्टमध्ये एका हाताने दांडा धरलाय, मागून बॅग टोचतेय, त्यात शब्द शोधणं होत नाही आणि गोष्टीचा धागा तुटतो. गाडीत फक्त वाचायचं, अडलेल्या शब्दावर बोट दाबून हायलाइट करायचं आणि पुढे जायचं. अर्थाचा अंदाज मनात बांधायचा, चुकला तर चुकला. घरी आल्यावर किंवा रात्री जेवणं झाल्यावर ते हायलाइट काढून बसायचं. म्हणजे प्रत्येक चॅप्टर दोनदा, एकदा गोष्टीसाठी आणि एकदा शब्दांसाठी.

शब्द निवडणं, हे सगळ्यात महत्त्वाचं

एका चॅप्टरमध्ये तुम्ही वीस-पंचवीस शब्द हायलाइट केलेले असतील. सगळे वहीत उतरवायचे नाहीत. पाच किंवा सहा. तेवढेच. बाकीचे सोडून द्यायला जीव तुटतो माहितीय, पण जे कामाचे आहेत ते याच पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटतात, तेव्हा धरा.

कुठले पाच हे ठरवायला मी मनातल्या मनात तीन ढीग करते. एक, आजही चालणारे, जे मला लिहिता-बोलता यायला हवेत. दोन, ओळखता आले तरी पुरे. तीन, मेलेले, त्यांचा विचारच करायचा नाही. तिसऱ्या ढिगात सगळ्या घोडागाड्या टाका, शेझ, बरूश, फेटन, या पुस्तकात गाड्यांचे प्रकार भरपूर आहेत आणि आपल्याला कुठलीच चालवायची नाही. 'एंटेल' हा शब्द जुन्या कायद्यातला, इस्टेट मुलींना न मिळता जवळच्या पुरुष वारसाला जाणार असा प्रकार, तो गोष्टीसाठी समजून घ्या कारण पाच मुलींच्या आईची सगळी धडपड त्यापायीच आहे, पण वहीत नको. दुसऱ्या ढिगात 'फेलिसिटी' (सुख), 'काउंटनन्स' (चेहरा), 'पॅनेजिरिक' (स्तुती) असले, वाचताना कळले म्हणजे झालं.

आणि पहिला ढीग कसा ओळखायचा? सोपं आहे, शब्द गुगलच्या न्यूज टॅबमध्ये टाका. गेल्या महिनाभराच्या बातम्यांत, लेखांत तो दिसला तर जिवंत आहे. 'कॅप्रिशियस' टाकून बघा, 'फास्टिडियस' टाकून बघा, 'इम्प्लॅकेबल' टाका, ढिगाने सापडेल. 'व्हेक्स' हा शब्द पहिल्याच चॅप्टरमध्ये येतो, मिसेस बेनेट नवऱ्याला म्हणते की मला छळण्यात तुम्हाला मजा येते, माझ्या बिचाऱ्या नर्व्ह्जची तुम्हाला जराही दया नाही. आता तोच शब्द आपल्या कोर्टात रोज फिरतो, 'फ्रिव्हलस अँड व्हेक्सेशस' म्हणजे नुसती त्रास द्यायला केलेली केस. एकदा मिसेस बेनेट डोक्यात बसली की कोर्टाची बातमी वाचताना डिक्शनरी लागत नाही.

एक वाक्य सोडवून दाखवते

ऑस्टिन वाचताना अडचण शब्दांपेक्षा वाक्यांच्या लांबीची असते. तीन स्वल्पविराम, दोन सेमीकोलन, आणि क्रियापद कुठेतरी मागे. पहिल्या चॅप्टरच्या शेवटी मिस्टर बेनेटचं वर्णन एका वाक्यात आहे. त्यात म्हटलंय की तो 'क्विक पार्ट्स', 'सारकॅस्टिक ह्यूमर', 'रिझर्व्ह' आणि 'कॅप्रिस' यांचं इतकं विचित्र मिश्रण होता की तेवीस वर्षांच्या अनुभवानेही बायकोला त्याचा स्वभाव कळला नव्हता.

आधी सांगाडा काढायचा: तो इतका विचित्र होता की बायकोला कळला नाही. बस. 'सो' आणि नंतरचा 'दॅट' या दोन खुंट्या आहेत, मराठीतलं 'इतका... की'. ते धरलं की मधले चार शब्द आपोआप यादीसारखे मोकळे होतात. आता एकेक. 'पार्ट्स' म्हणजे इथे भाग नाहीत, त्या काळात बुद्धी, अंगचे गुण या अर्थाने वापरायचे, म्हणजे 'क्विक पार्ट्स' झालं तल्लख डोकं. 'सारकॅस्टिक ह्यूमर' आपल्याला माहीतच आहे, तिरकस बोलणं. 'रिझर्व्ह' म्हणजे बँकेतला नाही आणि ट्रेनमधला पण नाही, मनातलं बाहेर न काढणं, आतल्या गाठीचा म्हणतो ना तसं. आणि 'कॅप्रिस', लहर. कधी काय मनात येईल सांगता येत नाही.

या चारातला वहीत कुठला जाणार? फक्त शेवटचा. 'पार्ट्स' चा तो अर्थ मेलाय, 'सारकॅस्टिक' येतंच, 'रिझर्व्ह' दोन नंबरच्या ढिगात. आणि 'कॅप्रिस' लिहिताना सोबत त्याचं कुटुंब लिहायचं, 'कॅप्रिशियस' विशेषण, 'कॅप्रिशियसली' क्रियाविशेषण, कारण परीक्षेत आणि पेपरात विशेषणच जास्त येतं. उच्चार पण लिहा, कॅप्रिस मध्ये जोर दुसऱ्या भागावर, कप्रीऽस असा. आपल्या मराठी मीडियमवाल्यांची ही गोची असते की शब्द डोळ्यांनी ओळखतो, तोंडाने काढायची वेळ आली की अडखळतो, मग आपण तो वापरतच नाही.

वहीतली नोंद कशी

मी चार गोष्टी लिहिते, त्याच्या वर नाही. शब्द आणि उच्चार. कोण, कोणाला किंवा कोणाबद्दल. बोली मराठीतला शब्द किंवा वाक्प्रचार. आणि माझं स्वतःचं एक वाक्य, मुंबईतलं.

मराठी शब्द लिहिताना शब्दकोशातला जड प्रतिशब्द उचलायचा नाही. 'ऑब्सीक्वियस' ला 'आज्ञानुवर्ती' असं लिहून काही डोक्यात शिरत नाही, हुजरेगिरी करणारा, हांजी हांजी करणारा असं लिहा. याचं नाम चॅप्टर 15 मध्ये मिस्टर कॉलिन्सबद्दल येतं. हे गृहस्थ म्हणजे पाद्री, लेडी कॅथरीन नावाच्या बड्या बाईंच्या मेहेरबानीवर नोकरी, तिच्यासमोर लोटांगण आणि इतरांसमोर शहाणपणा. त्याच्यात गर्व आणि हुजरेगिरी, मोठेपणा आणि नम्रता यांची सरमिसळ होती असं लेखिका म्हणते. आता तुमच्या ऑफिसात असं कोण आहे ते मला सांगायची गरज नाही, वहीत त्याचं नाव लिहा (वही घरी ठेवा).

असेच अजून थोडे, म्हणजे अंदाज येईल:

'फास्टिडियस', चॅप्टर तीन. डान्सच्या पार्टीत डार्सीला (बिंगलीचा मित्र, गोष्टीचा नायक) एकही मुलगी पसंत पडत नाही तेव्हा बिंगली त्याला म्हणतो, मला राज्य मिळालं तरी मी तुझ्याइतका फास्टिडियस होणार नाही. चोखंदळ, पण थोडा जास्तच. माझं वाक्य आमच्या आजीवर आहे, ती मासळी बाजारात सुरमईचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय पैसे काढत नाही, त्याच्या मागे 'अबाउट' लागतं हे पण त्याच वाक्यात बसून जातं.

'टॅसिटर्न', चॅप्टर 18, नाचता नाचता एलिझाबेथ डार्सीला टोमणा मारते की आपण दोघंही टॅसिटर्न, सगळी खोली चकित होईल असं काही सुचल्याशिवाय तोंड न उघडणारे. घुमा. घुम्या माणसाला हा शब्द अगदी फिट.

'इम्प्लॅकेबल', चॅप्टर 11. डार्सी स्वतःच कबूल करतो की एकदा कोणावरून मन उडालं की उडालंच, त्यावर एलिझाबेथ म्हणते असा इम्प्लॅकेबल राग हा दोषच आहे. मनातून जाता न जाणारा, काही केल्या न निवणारा. पेपरात हा 'ऑपोझिशन', 'एनिमी' यांच्या आधी लागलेला दिसेल.

'सुपरसिलियस' याचं नाम चॅप्टर सहामध्ये बिंगलीच्या बहिणींबद्दल येतं. लॅटिनमध्ये मूळ शब्द भुवईचा आहे, म्हणजे भुवई उंचावून वरून खाली बघणं, आपण नाक वर म्हणतो. मोठ्या मॉलमधल्या महागड्या दुकानात साधे कपडे घालून शिरा, उदाहरण समोर उभं असतं.

'ऑफिशियस' मात्र नीट बघा. 'ऑफिशियल' शी काही संबंध लावू नका. कोणी न सांगता पुढे पुढे करणं, नको तिथे मदत. चॅप्टर 60 मध्ये एलिझाबेथ डार्सीला म्हणते की तू असल्या पुढे पुढे करण्याला कंटाळला होतास. सोसायटीचे सेक्रेटरी, तुमच्या कुंड्या किती इंच बाहेर आल्यात ते मोजणारे.

आणि अर्थ जवळजवळचे असतील तिथे लेखिका कधीकधी स्वतःच फरक सांगून टाकते, तो फुकटचा क्लास समजा. चॅप्टर पाचमध्ये मेरी नावाची मधली बहीण, पुस्तकी शहाणी, 'प्राइड' आणि 'व्हॅनिटी' वेगळं करून सांगते: आपण स्वतःला काय समजतो ते प्राइड, आणि लोकांनी आपल्याला काय समजावं असं आपल्याला वाटतं ते व्हॅनिटी. याच्याहून सोपं कुठल्या डिक्शनरीत मला सापडलेलं नाही. त्याच चॅप्टरमध्ये एलिझाबेथ म्हणते की डार्सीने माझा गर्व 'मॉर्टिफाय' केला नसता तर त्याचा गर्व मी सहज माफ केला असता. म्हणजे मान खाली घालायला लावणं, चारचौघांत पाणउतारा.

अर्थ फिरलेले शब्द

इथे सावध. काही शब्द दिसायला आजचेच पण दोनशे वर्षांत फिरलेत. 'कॉन्डिसेन्शन' बघा. मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या 'अ‍ॅफेबिलिटी अँड कॉन्डिसेन्शन' ची तोंड फाटेपर्यंत स्तुती करतो. त्या काळात वरच्या पायरीवरच्या माणसाने खाली उतरून आपल्याशी नीट बोलणं हा गुण होता, आज कोणाला 'कॉन्डिसेन्डिंग' म्हणालात तर भांडण होईल, कारण आज तो तुच्छतेचा शब्द आहे. 'कँडर' आज स्पष्टवक्तेपणा, ऑस्टिनकडे दुसऱ्याबद्दल चांगलाच विचार करणं, म्हणून चॅप्टर चारमध्ये जेनचं कौतुक करताना तो येतो आणि आजचा अर्थ लावला तर वाक्य कळतच नाही. आणि चॅप्टर 53 मध्ये मिस्टर बेनेट जावयाबद्दल म्हणतात की तो आपल्या सगळ्यांशी 'मेक्स लव्ह', दचकू नका, गोड गोड बोलून लाडीगोडी लावतोय एवढंच.

उपाय एकच, शब्द ओळखीचा आहे पण वाक्य विचित्र लागतंय असं झालं की मोठी डिक्शनरी उघडा, मेरियम-वेब्स्टरची साइट फुकट आहे, तिच्यात जुने अर्थ 'आर्केइक' किंवा 'ऑब्सोलीट' अशी खूण करून दिलेले असतात. ही खूण असलेला अर्थ समजून घ्यायचा, वापरायचा नाही.

आणि आपल्याकडे अजून एक खजिना आहे जो फार लोक वापरत नाहीत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश शब्दकोश. पहिली आवृत्ती 1831 ला इथेच मुंबईत निघाली, दुसरी 1857 ची, ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट शोधता येते. म्हणजे मूळ कोश ऑस्टिननंतर पंधरा-वीस वर्षांतच तयार झालेला, तिच्याच जमान्याच्या इंग्लिशमध्ये. उलटं जायचं. तुम्हाला 'आगाऊ', 'लहरी', 'घुमा', 'खवचट' असा शब्द सुचला की तो तिथे टाकायचा आणि त्याने काय काय इंग्लिश शब्द दिलेत ते बघायचे. कादंबरीतले ओळखीचे चेहरे भेटायला लागतात. मला यात इतकी मजा येते की मूळ काम बाजूला राहतं, तेव्हा घड्याळ लावून बसा.

कान

लिब्रिव्हॉक्स नावाच्या साइटवर या पुस्तकाचं वाचन फुकट आहे, एकाहून जास्त आवाजांत, स्वयंसेवकांनी वाचलेलं. उच्चार थोडे इकडचे तिकडचे असतात, अमेरिकन, ब्रिटिश, पण चालतं. वाचून झालेला चॅप्टर दुसऱ्या दिवशी कानात लावा, नवा नको. बीबीसीची 1995 ची सहा भागांची सिरियल मिळाली तर जरूर बघा पण तेवढं वाचून झाल्यावर, आधी बघितलीत तर वाचायचा कंटाळा येतो हे लिहून ठेवा.

उजळणी

हे कंटाळवाणं आहे पण याच्याशिवाय सगळं मुसळ केरात. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने 1885 मध्येच दाखवून दिलंय की नवीन पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं. म्हणून आज लिहिलेले शब्द उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने असे बघायचे. हे लक्षात ठेवायला अँकी नावाचं फ्लॅशकार्डांचं अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला शब्द लिहू नका, प्रसंग लिहा, 'कॉलिन्स लेडी कॅथरीनपुढे कसा वागतो?' आणि मागे शब्द. म्हणजे मेंदूला अर्थाकडून शब्दाकडे जायची सवय लागते, आणि लिहिताना-बोलताना तोच रस्ता लागतो. कार्डांचा तयार डेक डाउनलोड करू नका, ती परत वर्डलिस्टच झाली. किंडलचं मशीन असेल तर त्यात व्होकॅब्युलरी बिल्डर आहे, तुम्ही शोधलेले शब्द त्या वाक्यासकट जमा होतात, तेही चांगलं.

आठवड्याला पाच चॅप्टर धरले तर साधारण तीन महिन्यांत पुस्तक होतं. सोमवार ते शुक्रवार गाडीत एकेक, शनिवारी सगळ्या शब्दांची उजळणी, रविवारी सुट्टी घ्या, मेगाब्लॉक असतोच. पाच शब्दांच्या हिशोबाने तीनशे शब्द हातात येतात, वर्डलिस्टच्या जाहिरातीपुढे हा आकडा छोटा वाटेल, पण हे वापरता येणारे तीनशे आहेत.

वापरायचे कुठे

ऑफिसच्या मेलमध्ये नाही! साहेबांना रिपोर्ट उशिरा दिला म्हणून 'आय अ‍ॅम मॉर्टिफाइड' असं लिहू नका, सॉरी पुरतं. हे शब्द निबंधात, लेखात, पुस्तकाबद्दल किंवा माणसाबद्दल लिहिताना शोभतात, आणि तिथेही एका परिच्छेदात एक. मीठ जास्त झालं की अख्खी आमटी जाते तसंच आहे हे. जीआरईमध्ये तर वापरायचा प्रश्नच नाही, रिकाम्या जागेत बरोबर शब्द ओळखायचा असतो, आणि 'टॅसिटर्न', 'ऑब्सीक्वियस', 'कॅप्रिशियस' ही मंडळी तिथली नेहमीचीच आहेत.

सरावाला एक खेळ सांगते. रोज रात्री चार ओळी इंग्लिशमध्ये लिहा, दिवसभरात भेटलेल्या एका माणसाबद्दल, आणि त्यात वहीतला एकच शब्द वापरा. रिक्षावाला, बँकेतली बाई, मुलाच्या शाळेतले सर, कोणीही. मग तो शब्द त्याच माणसाला का आणि दुसऱ्याला का नाही, हे स्वतःशी मराठीत बोला. एआयला ते वाक्य तपासायला द्यायला हरकत नाही, पण 'माझ्यासाठी वाक्य बनव' असं सांगू नका, मग शिकतंय कोण?

पुस्तक संपल्यावर लगेच दुसरं ऑस्टिनचंच घेऊ नका, तेच तेच शब्द येतात. डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' घ्या, 1860-61 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेलं, 59 चॅप्टर, तिथे लोहाराचं दुकान, तुरुंग, वकिलाचं ऑफिस, लंडनची घाण असा वेगळाच शब्दसाठा आहे, आणि वाक्यं ऑस्टिनपेक्षा रांगडी. सुरुवातीला कळायला जड जाईल ती 'जो' नावाच्या लोहाराची बोली, त्याची स्पेलिंगं मुद्दाम वेडीवाकडी आहेत, ती मोठ्याने वाचा म्हणजे कळतात, आणि त्यातला एकही शब्द वहीत उतरवायचा नाही.